पिशवी निघाल्यानंतर

पोटावरची पिशवी निघते त्या दिवशी घरात पेढे येतात. मलाशयाच्या कॅन्सरसाठी किरणोपचार झालेले असतात, केमो झालेली असते, मलाशय काढून टाकण्याचं मोठं ऑपरेशन पार पडलेलं असतं. आतली जोड नीट भरून यावी म्हणून लहान आतड्याचं तोंड काही महिने पोटावर आणून ठेवलेलं होतं, तेही आता आत गेलं. ‘आता नेहमीच्या वाटेने संडासला होईल,’ असं डॉक्टर सांगतात आणि माणूस घरी येतो.

नेहमीच्या वाटेने होतं, पण नेहमीसारखं होत नाही. सकाळचा चहा पोटात जातो न जातो तोच कळ येते आणि धावावं लागतं. थोडंसं होतं. बाहेर येऊन हात पुसेपर्यंत पुन्हा कळ, पुन्हा थोडंसं. तासाभरात पाच-सहा खेपा होतात आणि तरी पोट मोकळं झाल्यासारखं वाटत नाही. मग एखादा दिवस काहीच होत नाही आणि दुसऱ्या दिवशी सगळं एकदम येतं. नुसता वारा सरणार की सोबत आणखी काही येणार, हे कळत नाही. अंथरूण खराब होईल या धास्तीने रात्रीची झोप उडते. घरातलं कोणी म्हणतं, बाहेरचं काहीतरी खाल्लं असणार. रुग्णाच्या मनात त्याहून वाईट शंका येतात. जोड सुटली का? रोग परत आला का?

बहुतेक वेळा यातलं काहीही झालेलं नसतं. या त्रासाला वैद्यकशास्त्रात नाव आहे : लो अँटिरियर रिसेक्शन सिंड्रोम, थोडक्यात ‘लार्स’. मलाशय काढून आतडं पुन्हा गुदद्वाराशी जोडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्क्यांना तो तीव्र स्वरूपात होतो. सौम्य स्वरूप धरलं तर आकडा आणखी वाढतो. एवढ्या लोकांना होणाऱ्या त्रासाचा रुग्णाला ऑपरेशननंतर, तोही एकट्याने संडासात बसून, शोध लागावा ही गोष्ट फार खटकते. कारण हा त्रास अचानक उद्भवत नाही. काय काढलं आणि काय उरलं हे पाहिलं की तो का होतो ते समजतं, आणि समजलं की त्यावर इलाजही करता येतो.

मलाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १२ ते १५ सेंटिमीटरांचा भाग. त्याच्या भिंती सैल, ताणल्या जाणाऱ्या असतात. मळ वरून उतरला की तो पसरतो, पण आतला दाब फारसा वाढू देत नाही. म्हणूनच निरोगी माणूस कळ आल्यावरही ‘आत्ता नको, घरी गेल्यावर’ असं ठरवू शकतो. दुसरं काम त्याहून नाजूक आहे. मलाशय थोडं भरलं की गुदद्वाराचा आतला गोल स्नायू क्षणभर सैल होतो आणि वरचा माल किंचित खाली येऊन गुदमार्गाच्या अतिसंवेदनशील त्वचेला टेकतो. वायू आहे, पातळ आहे की घट्ट, याची खबर त्या क्षणात मेंदूला मिळते. ही चाचणी दिवसभर चालू असते आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो. आतला स्नायू आपल्या इच्छेवर चालत नाही. गुदद्वार कायम मिटलेलं ठेवण्याचा बराचसा भार तोच उचलतो. बाहेरचा स्नायू मात्र आपल्या हातात असतो. ऐनवेळी आवळून धरायला तो मदतीला येतो, पण मिनिटभरात दमतो.

ऑपरेशनमध्ये गाठीसकट मलाशय काढतात आणि वरचं मोठं आतडं खाली ओढून गुदद्वाराजवळ जोडतात. हे आतडं अरुंद असतं, मलाशयाइतकं ताणत नाही, आणि माल पुढे ढकलणं हाच त्याचा स्वभाव. घराच्या गच्चीवरची टाकी काढून नळ थेट नगरपालिकेच्या लाइनला जोडावा, तसं हे होतं : नळ शाबूत आहे, पण पाणी येईल तेव्हा आणि येईल त्या दाबाने येणार.

त्यातच इतर गोष्टींची भर पडते. जोड जितकी खाली, तितका त्रास जास्त. अगदी खालच्या जोडीत आतल्या स्नायूलाही धक्का बसतो. ओटीपोटातल्या बारीक नसा दुखावतात, आणि खाली ओढलेल्या आतड्याचा जुन्या नसांशी संबंध तुटल्याने त्याची हालचाल बेताल होते. जेवल्यावर मोठं आतडं हलायला लागणं ही सगळ्यांच्याच शरीराची रीत आहे. मलाशय गेलेल्यांमध्ये ती जास्त जोरात प्रकटते, आणि न्याहारीनंतर सर्वाधिक. जोडीतून गळती झाली असेल, किंवा पोटावरची पिशवी फार काळ ठेवावी लागली असेल, तर पुढचा मार्ग आणखी खडतर होतो.

किरणोपचारांचा वाटा सर्वांत नीट मोजला तो नेदरलँड्समध्ये. तिथे १९९६ ते १९९९ या काळात झालेल्या मोठ्या चाचणीत निम्म्या रुग्णांना ऑपरेशनपूर्वी पाच दिवसांचे किरणोपचार दिले, उरलेल्यांवर थेट ऑपरेशन केलं. किरणांमुळे त्या जागी रोग उलटण्याचं प्रमाण घटलं. पण पाच वर्षांनी विचारलं तेव्हा किरणोपचार घेतलेल्यांपैकी ६२ टक्के जणांनी मळावर ताबा राहत नसल्याचं सांगितलं. न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ३८ टक्के होतं. याच रुग्णांची सुमारे १४ वर्षांनी पुन्हा पाहणी झाली. तेव्हाही ४६ टक्क्यांना तीव्र लार्स होता. ‘होईल हळूहळू बरं’ एवढंच सांगून रुग्णाला परत पाठवणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा ध्यानात ठेवायला हवा.

हे सगळं सहन करायला रुग्ण तयार का होतो, हे कळायला शंभर वर्षांपूर्वीचं चित्र पाहावं लागतं. लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ मध्ये आपली शस्त्रक्रिया ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. पोटातून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी जाऊन मलाशय गुदद्वारासकट काढायचं, आणि मोठ्या आतड्याचं तोंड कायमचं पोटावर आणायचं. त्याआधी रोग हमखास उलटत असे. माइल्सच्या पद्धतीने तो आटोक्यात येऊ लागला. अनेक दशकं मलाशयाचा कॅन्सर म्हणजे जन्मभराची पिशवी, हेच समीकरण राहिलं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या क्लॉड डिक्सन यांनी ४०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध करून दाखवलं की गाठ वरच्या भागात असेल तर आतडं पुन्हा जोडता येतं. पुढे १९५८ मध्ये अमेरिकी सर्जन मार्क रॅविच सोव्हिएत संघात कीव्हला गेले असता त्यांनी टाके घालणारी यंत्रं पाहिली आणि ती कल्पना मायदेशी नेली. सत्तरच्या दशकाअखेर गोल स्टेपलर हातात आला आणि जिथे सर्जनची बोटं पोचत नव्हती तिथे, खोल ओटीपोटात, जोड देता येऊ लागली. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या बेझिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी मलाशयाभोवतीचं चरबीचं वेष्टण अखंड सोलून काढण्याचं महत्त्व दाखवून दिलं. गाठीखालचं पाच सेंटिमीटर निरोगी आतडं काढायलाच हवं हा जुना नियमही सैल झाला. दोन पुरतात, खालच्या गाठीत एकही पुरतो, असं दिसून आलं.

यातल्या प्रत्येक टप्प्यावर जोड एकेक बोट खाली सरकत गेली. गुदद्वार वाचवलं, हे यशाचं माप ठरलं. वाचवलेलं गुदद्वार काम कसं करतं, याचं माप मात्र बराच काळ कोणी घेत नव्हतं.

ते माप डेन्मार्कमधल्या आर्हुस इथल्या कात्रीने एमर्टसेन आणि सोरेन लॉरबर्ग या संशोधकांनी २०१२ मध्ये तयार केलं. नुसते पाच प्रश्न. वारा आवरत नाही असं होतं का? पातळ मळ नकळत गळतो का? चोवीस तासांत किती वेळा जावं लागतं? एकदा जाऊन आल्यावर तासाभरात पुन्हा जावं लागतं का? आणि कळ इतकी जोराची येते का, की धावतच सुटावं लागतं? प्रत्येक उत्तराला गुण आहेत, बेरीज ० ते ४२. वीसपर्यंत लार्स नाही, २१ ते २९ सौम्य, ३० आणि त्यापुढे तीव्र.

यातली खरी गंमत गुणांच्या वाटणीत आहे. हे गुण डॉक्टरांनी बसून ठरवलेले नाहीत. कोणत्या लक्षणाने रुग्णांचं जगणं किती बिघडतं, हे त्यांनाच विचारून ते काढलेले आहेत. दिवसातून सातपेक्षा जास्त वेळा जावं लागत असेल तर त्याचे फक्त चार गुण. धावायला लावणारी कळ आठवड्यातून एकदा जरी येत असेल तरी सोळा. तासाभरात पुन्हा जावं लागण्याचे अकरा. म्हणजे दिवसातून आठ वेळा, पण सावकाश, सांगून जाणारा माणूस चारावर राहतो. दिवसातून तीनदाच जाणारा, पण कळ आली की जीव मुठीत धरून पळणारा आणि पुन्हा पुन्हा परत जाणारा, सत्तावीसवर पोचतो. त्यात वारा आवरत नसण्याचे चार मिळवले की तो तीव्र गटात गेला.

ओपीडीत नेमका उलटा प्रश्न विचारला जातो : ‘दिवसातून किती वेळा होते?’ रुग्ण म्हणतो, ‘तीन-चारदा.’ डॉक्टर लिहितात, ठीक आहे. याच संशोधकांनी पुढे तज्ज्ञांना आणि रुग्णांना तेच प्रश्न देऊन पाहिले. तज्ज्ञांनी खेपांची संख्या आणि पातळ मळाची गळती यांना जास्त वजन दिलं. घाईची कळ आणि लागोपाठच्या खेपा यांचा त्रास त्यांना कमी वाटला. रुग्णांना मात्र त्याच दोन गोष्टी सर्वाधिक छळत होत्या. म्हणून रुग्णाने या पाच प्रश्नांची उत्तरं घरून लिहून न्यावीत. लाजेने जे तोंडातून निघत नाही ते कागदावर उतरतं, आणि डॉक्टरांनाही सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहता येतं.

२०२० मध्ये रुग्ण, सर्जन आणि इतर तज्ज्ञ यांनी मिळून लार्सची आंतरराष्ट्रीय व्याख्या ठरवली. आठ लक्षणं आणि आठ परिणाम. दोन्हींतलं किमान एकेक असेल तर तो लार्स. परिणामांच्या यादीत संडासाच्या आसपासच राहावं लागणं आहे, सतत पोटाचाच विचार डोक्यात असणं आहे, मनावरचा ताण आहे, नात्यांवर आणि शरीरसंबंधांवर होणारा परिणाम आहे, आणि घरची-कामाची जबाबदारी पार पाडता न येणंही आहे. यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे रुग्णांना त्या खोलीत बसवलं होतं.

महाराष्ट्रात हे परिणाम आणखी टोकदार होतात. चर्चगेट ते विरार हे ६० किलोमीटरांचं अंतर, आणि मुंबईच्या लोकलमध्ये संडास नाही. एसटीचा पुढचा थांबा तासाभराने, आणि तिथलं स्वच्छतागृह बंद असण्याचीच शक्यता जास्त. चाळीत किंवा वस्तीत संडास सामायिक असेल तर सकाळच्या रांगेत ‘मला पुढे जाऊ द्या’ असं रोज सांगावं लागतं. शेतावर काम करणाऱ्या बाईची अडचण तर बोलायचीच सोय नाही. असे लोक मग आपापले तोडगे काढतात. सकाळी निघायचं असेल तर आदल्या रात्रीपासून उपाशी राहतात. लग्नकार्याला जाणं बंद करतात. नोकरी सोडतात. कॅन्सरातून वाचलेला माणूस असा घरात कोंडला जाणं हे टाळता येण्यासारखं नुकसान आहे, म्हणूनच ते पाहवत नाही.

उपायांची सुरुवात वहीपासून करावी. दोन आठवडे रोज काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, कळ केव्हा आली, मळ पातळ होता की गोळ्यांसारखा, एवढं लिहायचं. यातून जे चित्र दिसतं त्यावरच पुढचं सगळं अवलंबून असतं, कारण लार्सचे दोन चेहरे आहेत. काहींना पातळ आणि घाईचं होतं. काहींचं पोट पूर्ण रिकामंच होत नाही, आणि उरलेला माल थोडा थोडा निसटत राहतो. वरून दोघंही ‘दहा वेळा जावं लागतं’ असंच सांगतात. पहिल्याला आतडं मंद करणारी गोळी लागते. तीच गोळी दुसऱ्याला दिली तर त्याचे हाल वाढतात.

खाण्याच्या बाबतीत सगळ्यांना एकच तक्ता देणं व्यर्थ आहे, पण काही अंदाज बहुतेकांना लागू पडतात. मऊ भात, पेज, पिकलं केळं, उकडलेला बटाटा, साबुदाणा, शिजवलेलं सफरचंद यांनी मळ बांधला जातो. दूध, कडक चहा-कॉफी, झणझणीत रस्सा, ठेचा, तळलेलं, फळांचा रस, दारू यांनी तो सैल होतो. ‘शुगर-फ्री’ गोळ्या-चॉकलेटांतलं सॉर्बिटॉलही जुलाब लावतं, हे मधुमेह्यांना सहसा कोणी सांगत नाही. वाल, हरभरा, वाटाणा, कोबी, मुळा, कच्चा कांदा यांनी वारा धरतो. मोड आलेल्या मटकीची उसळ एरवी उत्तम, पण पिशवी निघाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तिला जरा बाजूला ठेवावं. मात्र एकेक पदार्थ वगळत जाऊन ताटात नुसता दहीभात उरू नये. कॅन्सरच्या उपचारांनी वजन आणि ताकद आधीच घटलेली असते. डाळ, अंडी, मासे, पनीर यांतून प्रथिनं मिळायलाच हवीत. एखादा पदार्थ सोसला नाही तर महिन्याभराने पुन्हा थोडासा खाऊन पाहावा. आतडं बदलत असतं.

पदार्थाइतकीच वेळ महत्त्वाची. भरपेट दोन जेवणांऐवजी थोडं थोडं, ठरलेल्या वेळी खाल्लं की आतड्याचा जोर विभागला जातो. रात्रीचं जेवण लवकर उरकलं तर रात्रीच्या खेपा कमी होतात. सकाळी बाहेर पडायचं असेल तर उपाशी राहण्यापेक्षा तासभर आधी उठून न्याहारी करावी आणि त्यानंतरची ती ठरलेली धावपळ घरीच होऊ द्यावी.

इसबगोल आपल्याकडे घरोघरी बद्धकोष्ठासाठी घेतात, पण लार्समध्ये त्याचा उपयोग वेगळा आहे. गुजरातेत उंझ्याच्या बाजारातून देशभर आणि परदेशातही जाणारा हा भुसा पाणी धरून ठेवतो. पातळ मळाला तो अंग देतो, तुटक गोळ्यांना एकत्र बांधतो. मग एका खेपेत जास्त माल बाहेर पडतो आणि लागोपाठच्या चकरा कमी होतात. चमचाभरापासून सुरू करून हळूहळू वाढवावा. कोरडा कधीच गिळू नये. काहींना त्याने वारा वाढतो, आणि आतली जोड आकसलेली असेल तर तो अडकूही शकतो, म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

पातळ आणि घाईचा त्रास असेल तर लोपरामाइड हे पहिलं औषध. आतड्याची हालचाल ते मंद करतं, आणि गुदद्वाराच्या आतल्या स्नायूचा आवळही थोडा वाढवतं. जुलाब झाल्यावर गोळी घ्यायची, ही आपली सवय. इथे ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, कारण जेवणानंतर उसळणारी लाट आधीच शांत करायची आहे. दोन मिलिग्रॅमची एक गोळी किंवा तिचा अर्धा भाग, इथून सुरुवात करतात आणि वहीत पाहून मात्रा जुळवतात. दिवसाला १६ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. त्यापलीकडे हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. ताप असेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा पोट फुगलेलं असेल तर ही गोळी आपल्या मनाने घेऊ नये. एवढ्यानेही भागलं नाही तर उलटीवरचं म्हणून परिचित असलेलं ओंडॅनसेट्रॉन आणि त्याच्या गटातली औषधं डॉक्टर वापरून पाहतात. पित्तरस नीट शोषला जात नसेल तर त्यावरची वेगळी औषधं आहेत.

स्नायूंच्या व्यायामाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तो बहुतेकांना चुकीचा शिकवला जातो. ‘आवळा आणि सोडा’ एवढं कागदावर लिहून दिल्याने फारसं साधत नाही. ओटीपोटाच्या स्नायूंचा अभ्यास असलेला फिजिओथेरपिस्ट आधी हे तपासतो की रुग्ण योग्य स्नायू आवळतोय की नुसतं पोट आणि मांड्या ताणतोय. मग ताकद, टिकाव आणि वेळ साधणं यांवर काम होतं. बेल्जियममधल्या एका चाचणीत असे व्यायाम शिकलेल्या रुग्णांची लक्षणं पहिल्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा लवकर सुधारली. नेदरलँड्समधल्या चाचणीत सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. घाईची कळ येऊन गळती होणाऱ्यांना तो दिसला. म्हणजे हा उपाय सर्वांवर सारखा चालणारा नाही, पण योग्य माणसाला योग्य वेळी दिला तर वाया जात नाही.

या शिक्षणातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे कळ येताच न पळणं. कळ ही लाट असते. ती चढते, टोकाला पोचते आणि ओसरते. टोकाला असताना धावलं तर पोटावर दाब येतो आणि वाटेतच घात होतो. त्याऐवजी जागीच थांबावं, शक्य असेल तर बसावं, गुदद्वार आवळून धरावं, श्वास सावकाश सोडत राहावं, आणि लाट ओसरली की चालत जावं. सुरुवातीला हे अर्धा मिनिटही जमत नाही. सरावाने पाच मिनिटं जमतात, आणि पाच मिनिटांत रेल्वे स्टेशनावरचं स्वच्छतागृह गाठता येतं. तिथे पोचल्यावर कुंथत बसू नये. कमोड असेल तर पायाखाली ठेंगणं स्टूल घ्यावं, आणि दहा मिनिटांत उठावं.

वारंवार जाण्याने त्वचेची जी आग होते तिला लोक किरकोळ समजतात, आणि मग बसणंही अशक्य होतं. पाण्याने धुण्याची आपली रीत इथे कामाची आहे, पण जेटचा जोरदार फवारा आणि साबण दोन्ही टाळावेत. मऊ कापडाने टिपून कोरडं करावं, घासू नये. झिंक ऑक्साइडचं मलम आधीच लावून ठेवावं, आग सुरू झाल्यावर नव्हे.

एवढं करूनही ज्यांचा त्रास तीव्रच राहतो, त्यांच्यासाठी गुदमार्गातून पाण्याने आतडं धुण्याची पद्धत आहे. रुग्ण संडासावर बसूनच मऊ नळी आत घालतो आणि अर्धा ते एक लिटर कोमट पाणी सावकाश सोडतो. त्याबरोबर खालचं आतडं रिकामं होतं आणि पुढचा दिवस, कधी दोन दिवस, निवांत जातात. ऑस्ट्रियातल्या हॅराल्ड रोझेन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १४ रुग्णांचा अनुभव मांडला. दिवसातून साधारण आठ वेळा जावं लागणाऱ्या या लोकांच्या खेपा एक-दोनवर आल्या आणि रात्रीचं उठणं थांबलं. संख्या लहान होती, पण पुढच्या अभ्यासांनीही हा उपाय उचलून धरला. दर वेळी अर्धा-पाऊण तास जातो, आणि खास बनवलेली उपकरणं स्वस्त नाहीत. आतडं फाटण्याचा धोका क्वचित असला तरी असतो. म्हणून जोड पूर्ण भरल्याची खात्री सर्जनने केल्यावर, स्टोमाची, म्हणजे पोटावर आणलेल्या आतड्याच्या तोंडाची, काळजी शिकवणाऱ्या स्टोमा नर्सकडून शिकूनच हे सुरू करावं. घरातल्या एनिमाच्या कडक नळीने प्रयोग करणं धोक्याचं आहे. त्यापुढचा टप्पा म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडातून जाणाऱ्या नसांना बारीक तारेने विजेची सौम्य स्पंदनं देणं. आधी काही दिवस तात्पुरती तार बसवून फरक पडतो का ते पाहतात, पडला तर बॅटरी त्वचेखाली बसवतात. खर्च लाखांत जातो, आणि आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी हे होतं.

पहिल्या वर्ष-दीड वर्षात बहुतेकांची स्थिती आपोआपही बरीच सुधारते. त्यानंतर आपोआप होणारी सुधारणा मंदावते. म्हणून दीड-दोन वर्षं थांबून मग उपचार शोधण्यात अर्थ नाही. वही, आहार, गोळी आणि व्यायाम पहिल्या महिन्यापासून सुरू व्हायला हवेत. आणि प्रत्येक त्रास लार्सच्या खाती टाकूनही चालत नाही. शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, सतत वाढणारं दुखणं, किंवा स्थिरावलेलं पोट अचानक बदलणं, यांपैकी काही दिसलं तर जोड आकसली आहे का, जुनी गळती आत साचली आहे का, रोग उलटला आहे का, हे तपासावंच लागतं.

सगळं करून पाहिल्यावर काही जण पुन्हा पिशवी मागतात, आणि ही मागणी ऐकून नातेवाईक हबकतात. इतके कष्ट कशासाठी केले मग? पण या वेळची पिशवी वेगळी असते. तात्पुरती होती ती लहान आतड्याची : पातळ, पाचक रसांनी भरलेली, दिवसरात्र वाहणारी. कायमची बहुधा मोठ्या आतड्याची असते. तिच्यात घट्ट मळ येतो, तो दिवसातून एक-दोनदा, आणि बऱ्याच जणांना तीही पाण्याने धुऊन दिवसभर जवळपास रिकामी ठेवता येते. कायमची पिशवी असलेल्यांचं जीवनमान पिशवी नसलेल्यांपेक्षा खालचं असतं का, याचा जगभरच्या अभ्यासांवरून कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याने शोध घेतला. तसा ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असंच त्यात दिसलं. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे, ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईचीच. पिशवीसह कामावर जाणारी, प्रवास करणारी माणसं तिथे भेटतात, आणि त्यांच्याशी अर्धा तास बोलल्याने जे कळतं ते माहितीपत्रकातून कळत नाही.

ही भेट खरं तर ऑपरेशनच्या आधी व्हायला हवी. गाठ अगदी खाली आहे, किरणोपचार झालेले आहेत, वय झालेलं आहे आणि गुदद्वाराचा स्नायू आधीपासून सैल आहे, अशा रुग्णाला जोड द्यायची की सरळ कायमची पिशवी, हा निर्णय नुसता सर्जनचा नाही. तीव्र लार्सची शक्यता किती, याचा अंदाज या चार-पाच गोष्टींवरून आज बऱ्यापैकी बांधता येतो. किरण आणि केमोने गाठ पूर्ण विरघळलेल्या निवडक रुग्णांवर ऑपरेशनच न करता फक्त बारीक लक्ष ठेवायचं, हा मार्ग ब्राझीलच्या साओ पाउलोमधल्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये मांडला. तोही आपल्याला लागू पडेल का, हे विचारायला हरकत नसते. गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे, जोड कुठे येईल, पिशवी किती महिने राहील, नंतर पोटाची तक्रार कोणाकडे न्यायची आणि तिथे स्टोमा नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट आहे का, एवढे प्रश्न भरती होण्याआधीच्या भेटीत विचारून उत्तरं लिहून घ्यावीत. सोबत घरातलं एखादं माणूस असावं. कॅन्सर हा शब्द कानावर पडल्यानंतर त्या खोलीत पुढे जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं रुग्णाच्या लक्षात राहत नाही.